सीबीसीच्या कागदावरचे भाकीत

केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाच्या फाइलमध्ये सगळ्यात जास्त कागद सीबीसीचे असतात. प्रत्येक फेरीआधी रक्त द्यायचे, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट किती आहेत ते पाहायचे आणि आकडे ठीक असतील तर सलाइन लावायचे, हा शिरस्ता मोठ्या शहरातल्या रुग्णालयापासून जिल्ह्याच्या गावापर्यंत सारखाच आहे. याच कागदावर न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट अशा दोन ओळी असतात. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की जे गुणोत्तर येते त्याला डॉक्टर मंडळी ‘एनएलआर’ म्हणतात. न्यूट्रोफिल ७२ टक्के आणि लिम्फोसाइट १८ टक्के असतील तर हे गुणोत्तर ४. निरोगी माणसात ते साधारण १ ते ३ च्या दरम्यान असते.

कोविडच्या साथीत एनएलआर, सीआरपी हे शब्द घराघरांत पोहोचले. आता कर्करोगाच्या रुग्णांचे नातेवाईकही रिपोर्ट हाती आला की मोबाइलवर शोधू लागतात. गुणोत्तर जास्त असेल तर रुग्णाचे आयुष्य कमी, असे तिथे कुठे तरी लिहिलेले सापडते. मग रुग्ण आतल्या खोलीत झोपलेला असताना बाहेर कुजबूज सुरू होते. उरलेल्या फेऱ्या घ्यायच्या की नाही? शेत विकून पुढचे औषध आणायचे की आहेत ते दिवस घरी काढायचे? काहीशे रुपयांच्या तपासणीतला एक भागाकार असा घराच्या निर्णयात येऊन बसतो. म्हणूनच हा भागाकार नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे स्पष्टपणे मांडायला हवे. हे आकडे उपयोगाचे आहेत, यात शंका नाही. मात्र त्यांचा खरा उपयोग रुग्णाकडे वेळीच लक्ष वळवण्यासाठी आहे. त्याच्या आयुष्याचा हिशेब मिटवण्यासाठी ते वापरले जाऊ लागले तर नुकसान रुग्णाचेच होईल.

कर्करोग आणि दाह यांचे नाते जुने आहे. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्शो यांनी १८६३ मध्ये गाठीच्या पेशीजालात पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि दीर्घकाळ चाललेल्या दाहातून कर्करोग उद्भवत असावा, असा विचार मांडला. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ हा विचार बाजूलाच राहिला. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी कर्करोगाच्या गाठीला भरून न येणाऱ्या जखमेची उपमा दिली. साध्या जखमेत पेशी धावून येतात, डागडुजी करतात आणि काम संपले की परततात. गाठीच्या बाबतीत ही धावपळ संपतच नाही. २०११ मध्ये डग्लस हॅनाहान आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांनी कर्करोगाच्या ठळक लक्षणांची आपली यादी सुधारली, तेव्हा गाठीला पोसणाऱ्या दाहाला त्यात स्वतंत्र जागा दिली.

ही न संपणारी धावपळ रक्तात उमटते. गाठीतून आणि तिच्याभोवतीच्या पेशींतून इंटरल्यूकिन-६ सारखे संदेश रक्तात सुटतात. ते यकृताला पोहोचले की यकृत सीआरपी नावाचे प्रथिन भराभर बनवू लागते. त्याच वेळी अल्ब्युमिनची पातळी घसरते, कारण यकृत ते कमी बनवते आणि सैल झालेल्या रक्तवाहिन्यांतून ते बाहेरही झिरपते. अस्थिमज्जा न्यूट्रोफिल जास्त सोडते आणि गाठीशी लढणाऱ्या लिम्फोसाइटची संख्या घटते. भूक मरते, स्नायू झिजतात. ‘अंडी दिली, प्रोटीन पावडर दिली, तरी अल्ब्युमिन वाढत नाही,’ अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. आहार हवाच. पण आतला दाह चालू असेतो केवळ आहाराने हा आकडा वर येत नाही, आणि त्यात जेवू घालणाऱ्याचा काही दोष नसतो.

या निरीक्षणांतून भाकिताची साधने तयार झाली. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातील संशोधकांनी २००३ मध्ये शस्त्रक्रिया होऊ न शकणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगासाठी एक साधी गुणपद्धत मांडली. सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर एक गुण, अल्ब्युमिन लिटरमागे ३५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर आणखी एक. शून्य गुणांचे रुग्ण सरासरीने जास्त जगतात, दोन गुणांचे कमी. पुढे इतर अनेक कर्करोगांत हाच कल दिसला. एनएलआरबाबत २०१४ मध्ये १०० अभ्यासांचा आणि ४० हजार ५५९ रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. गुणोत्तर ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या रुग्णांत मृत्यूचा वेग इतरांच्या १.८१ पट आढळला.

कर्करोगतज्ज्ञांना हे नवे नाही. मूत्रपिंडाचा कर्करोग पसरलेला असेल तर रुग्णाची जोखीम ठरवताना जे सहा निकष जगभर वापरले जातात, त्यांत वाढलेले न्यूट्रोफिल आणि वाढलेल्या प्लेटलेट हे दोन आहेत. हॉजकिन लिम्फोमाच्या पुढच्या टप्प्यात अल्ब्युमिन, पांढऱ्या पेशी आणि लिम्फोसाइट मोजून गुण दिले जातात, तर सुरुवातीच्या टप्प्यात जुना, सर्वांच्या ओळखीचा ईएसआर आजही पाहिला जातो. म्हणजे रक्तातल्या दाहाच्या खुणा वाचणे ही भोंदूगिरी नव्हे. प्रश्न आहे तो वाचनाच्या पद्धतीचा.

पहिली गफलत १.८१ या आकड्यातच होते. हा आकडा वाचून अनेकांना वाटते की जास्त गुणोत्तर म्हणजे आयुष्य जवळपास निम्मे. तसा त्याचा अर्थ नाही. समजा, कमी गुणोत्तर असलेल्या १०० रुग्णांपैकी ७० जण वर्षभराने हयात आहेत. मृत्यूचा वेग वर्षभर १.८१ पट राहिला, तर जास्त गुणोत्तर असलेल्या १०० जणांपैकी सुमारे ५२ हयात असतील. १८ जणांचा फरक मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण हेच उदाहरण उलट बाजूने पाहिले तर ‘वाईट’ गटातले निम्म्याहून अधिक लोक वर्ष पार करतात आणि ‘चांगल्या’ गटातले ३० जण करत नाहीत. समोरच्या खाटेवरचा माणूस या ५२ मधला की ४८ मधला, हे भागाकार सांगू शकत नाही.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत आली म्हणजे गावावर संकट आहे, हे खरे. सरकारने त्यावरून मदतीचे निर्णय घ्यावेत, हेही योग्य. पण त्याच गावात विहिरीला पाणी असलेल्या एखाद्या शिवारात पीक उभे असते आणि पैसेवारी चांगली आलेल्या गावातही एखाद्याचे सगळे गेलेले असते. गावाच्या आकड्यावरून कोणी आपले उभे पीक कापून टाकत नाही. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गुल्ड यांना १९८२ मध्ये मेसोथेलिओमा हा दुर्धर कर्करोग झाला. या आजारात निम्मे रुग्ण निदानानंतर आठ महिन्यांच्या आत दगावतात, असे त्यांनी तेव्हाच्या ग्रंथांत वाचले. संख्याशास्त्राची जाण असल्यामुळे आठ महिने ही गटाची मध्यरेषा आहे, तिच्या पलीकडे एक लांब शेपूट आहे, हे त्यांना दिसले. ते पुढे २० वर्षे जगले. प्रत्येकाच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. पण मध्यरेषा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, एवढे त्यांच्या उदाहरणातून नक्की समजते.

दुसरी अडचण संशोधनाच्या बाजारपेठेतली आहे. सीबीसी प्रत्येक रुग्णाची होतेच. त्यामुळे जुन्या फाइली काढायच्या, भागाकार करायचा, कोण किती जगले ते पाहायचे आणि शोधनिबंध लिहायचा, हे सोपे झाले आहे. प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट, लिम्फोसाइट भागिले मोनोसाइट, सीआरपी भागिले अल्ब्युमिन असे नवनवे भागाकार येतच असतात. मर्यादाही प्रत्येकाची वेगळी, कोणी २.५ धरतो, कोणी ५. हाताशी असलेल्या माहितीत जिथे फरक सगळ्यात ठळक दिसतो, तिथेच रेषा मारली की निष्कर्ष देखणा निघतो. दुसऱ्या रुग्णालयातल्या रुग्णांवर तीच रेषा टिकेल याची खात्री नसते. २००७ मध्ये जॉन आयोनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या भाकितखुणांवरील शेकडो निबंध तपासले, तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक निबंधांत ‘आमची खूण उपयोगी ठरली’ असेच लिहिलेले आढळले. परीक्षेला बसलेले जवळजवळ सगळेच पहिल्या वर्गात येत असतील, तर विद्यार्थ्यांचे कौतुक करण्याआधी परीक्षेकडे पाहावे लागते.

तिसरी अडचण भारतातल्या रुग्णासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. सीआरपी किंवा एनएलआर यांना कर्करोग ओळखता येत नाही, त्यांना फक्त दाह ओळखता येतो. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि क्षयातही सीआरपी वाढते, अल्ब्युमिन घसरते. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. तंबाखू-गुटख्याने पोखरलेल्या तोंडात जखम चिघळलेली असते, दात किडलेले असतात, हिरड्यांत पू असतो, तोंड उघडत नसल्याने जेवण जात नाही. अशा रुग्णाचा वाढलेला सीआरपी गाठीमुळे किती आणि सडलेल्या दाढेमुळे किती, हे आकड्यावरून कळत नाही. भर म्हणून औषधे आहेत. उलटी होऊ नये म्हणून केमोआधी दिले जाणारे डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड रक्तातले न्यूट्रोफिल वाढवते आणि लिम्फोसाइट घटवते. एका दिवसात गुणोत्तर कुठल्या कुठे जाते. पांढऱ्या पेशी वाढवण्याचे इंजेक्शन घेतले असेल तरी तेच. ते रक्त कधी काढले, त्याआधी काय दिले होते, ताप होता का, हे न विचारता गुणोत्तर वाचणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे आहे.

चौथा मुद्दा उपचारांचा. दाह वाईट भवितव्य दाखवत असेल तर दाह कमी करा म्हणजे भवितव्य सुधारेल, हा विचार मोहात पाडणारा आहे. याच विचारावर ‘दाहशामक’ काढे, चूर्णे आणि महागडे पूरक आहार रुग्णांना विकले जातात. विज्ञानाने हा विचार प्रत्यक्ष तपासून पाहिला आहे. हृदयविकाराच्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर कॅनाकिनुमॅब या दाहरोधक औषधाची चाचणी झाली. २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा औषध घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला आणि जगभर आशा पल्लवित झाल्या. मग फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या रुग्णांवर तेच औषध देऊन मोठ्या चाचण्या झाल्या. २०२१ आणि २०२२ मध्ये त्यांचे निकाल लागले आणि मुख्य उद्दिष्टात औषध अपयशी ठरले. धूर हाताने वारला म्हणून आग विझत नाही. कोट्यवधी खर्चून केलेल्या चाचण्यांत जे साधले नाही, ते बाटलीतल्या काढ्याने साधेल, असे सांगणाऱ्याकडे पुरावा मागायला हवा.

इथे आणखी एक फरक लक्षात घ्यावा लागतो. एखादी खूण आजार कोणत्या वळणाने जाईल हे सांगते, तर एखादी खूण अमुक औषध लागू पडेल की नाही हे सांगते. स्तनाच्या कर्करोगातली हर-२ तपासणी दुसऱ्या प्रकारातली आहे, तिच्यावरून औषध निवडले जाते. दाहाच्या खुणा प्रामुख्याने पहिल्या प्रकारातल्या आहेत. गुणोत्तर जास्त असलेल्या रुग्णाला उपचाराचा फायदा होणारच नाही, असे त्या सिद्ध करत नाहीत. म्हणूनच केवळ त्यांच्या आधारे कोणाचे उपचार थांबवणे वैज्ञानिकदृष्ट्याही चूक आहे आणि न्यायाच्या दृष्टीनेही. उद्या एखाद्या विमा कंपनीने किंवा योजनेच्या मंजुरी कक्षाने अशा गुणांवरून महागडे उपचार नाकारायला सुरुवात केली, तर सर्वांत आधी गरीब रुग्ण बाहेर पडेल. कारण किडलेले दात, उशिरा झालेले निदान, जुना क्षय आणि अपुरा आहार हे सारे त्याच्याच रक्तात जास्त उमटते.

मग हे आकडे बाजूला सारावेत का? काही डॉक्टरांचे मत तसे आहे. रुग्णाकडे पाहून, त्याच्याशी बोलून जे कळते ते भागाकारातून कळत नाही, असे ते म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण अनुभवी नजरही चुकते. २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले होते. शुश्रूषाकेंद्रात दाखल होणाऱ्या ४६८ मरणासन्न रुग्णांबाबत त्यांच्या डॉक्टरांना ‘किती काळ?’ असे विचारले गेले. फक्त २० टक्के अंदाज बरोबर निघाले आणि ६३ टक्के गरजेपेक्षा जास्त आशावादी. डॉक्टरचा रुग्णावर जीव जडतो, वाईट बोलणे नकोसे वाटते, आणि अंदाज वाढत जातो. भारतात तर ‘पेशंटला काही सांगू नका’ असे नातेवाईकच आधी बजावतात. अशा वेळी रक्तातला एक तटस्थ आकडा डॉक्टरला जागे करू शकतो. ‘हा माणूस दिसतो त्यापेक्षा जास्त आजारी असू शकतो, नीट पाहा,’ एवढे तो सांगतो. हे कमी नाही.

या इशाऱ्याचे काय करायचे, यावर सारे अवलंबून आहे. सीआरपी वाढलेला आणि अल्ब्युमिन घटलेला दिसला, तर पहिला प्रश्न ‘किती दिवस?’ हा नसावा. कुठे जंतुसंसर्ग आहे का, क्षय तपासला का, तोंड आणि दात कोणी पाहिले का, गेल्या तीन महिन्यांत वजन किती उतरले, वेदना आटोक्यात आहे का, हे प्रश्न आधी यायला हवेत. यातल्या अनेकांवर आजच, याच रुग्णालयात उपाय आहेत. संसर्ग बरा झाला की सीआरपी काही दिवसांत खाली येतो, कारण हे प्रथिन रक्तात साधारण १९ तासांत निम्मे होते. म्हणून एकच आकडा पाहण्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले आकडे ओळीने मांडून पाहणे केव्हाही शहाणपणाचे. जे उतरतात त्यांची कथा वेगळी, जे संसर्ग नसतानाही चढतच राहतात त्यांची वेगळी.

आणि जे चढतच राहतात, त्यांच्यासाठीही या इशाऱ्याचा अर्थ हात वर करणे असा नाही. अमेरिकेत फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. निदान झाल्यापासूनच नेहमीच्या उपचारांबरोबर पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना, धाप, निराशा यांवरची उपशामक शुश्रूषा, ज्यांना मिळाली त्यांचे दिवस अधिक सुखाचे गेले. शिवाय शेवटच्या काळात आक्रमक उपचार कमी होऊनही ते सरासरीने जास्त जगले, ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने. भारतात ही शुश्रूषा गरज असलेल्यांपैकी फार थोड्यांना मिळते, तीही बहुधा अगदी अखेरीस, ‘आता काही करण्यासारखे नाही’ असे सांगून. कोणाला तिची गरज लवकर लागेल, हे ओळखायला जर सीबीसीच्या कागदाची मदत होत असेल, तर या भाकिताचा तोच सर्वांत मोलाचा उपयोग ठरेल.

त्यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख नवे कर्करोग रुग्ण आढळतात. त्यातल्या बहुतेकांची सीबीसी होतेच. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात देशभरातली रुग्णालये जोडलेली आहेत. रक्त कधी काढले, स्टिरॉइड दिले होते का, क्षय किंवा अन्य संसर्ग होता का, अशा चार-पाच नोंदी ठरावीक पद्धतीने ठेवल्या आणि रुग्णांचा पाठपुरावा झाला, तर भारतीय रुग्णांसाठी कोणती मर्यादा अर्थपूर्ण आहे हे ठरवता येईल. युरोप किंवा चीनमधल्या रुग्णांवरून काढलेली रेषा इथे जशीच्या तशी ओढण्यापेक्षा ते केव्हाही बरे. तोपर्यंत लॅबवाल्यांनी ‘कर्करोग भवितव्य पॅकेज’ अशा नावाने हे भागाकार विकू नयेत. आणि जिथे गुणोत्तर छापले जाते, तिथे संसर्ग व औषधांमुळेही ते वाढते, ही एक ओळ मराठीत खाली छापायला हरकत नसावी.

रुग्ण आणि नातेवाईकांनीही एक पथ्य पाळावे. रिपोर्टवरचा आकडा घरी भागून त्याचा निकाल लावण्यापेक्षा तो कागद डॉक्टरांसमोर ठेवून विचारावे, ‘हा आकडा वाढला आहे, त्यामागे उपचार करण्यासारखे काही कारण आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा ‘हो’ असते. एखाद्या दाढेचे, एखाद्या दडलेल्या तापाचे, न सांगितलेल्या वेदनेचे. उत्तर ‘नाही’ आले तरी पुढचे बोलणे मोकळेपणाने सुरू होते, आणि त्या बोलण्यात रुग्णाला सामील करून घेता येते. शेत विकायचे की नाही, पुढची फेरी घ्यायची की नाही, हे ठरवण्याचा पहिला हक्क त्याचा आहे. बाहेरच्या खोलीतल्या कुजबुजीने किंवा दोन ओळींच्या भागाकाराने तो हिरावून घेता कामा नये.